चौघांचा एक प्रकल्प : सामायिक सॉफ्टवेअरची घडी कशी बसवावी

ज्यांना प्रोग्रॅम लिहिता येतो, पण चारचौघांबरोबर एकच प्रोग्रॅम लिहिण्याची सवय नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरण म्हणून मी स्वतः ज्यात हात घातला तेच काम घेतले आहे : इंदूरच्या रामबाग परिसरातल्या एका छोट्या मराठी वाचनालयाची देवघेव वहीतून संगणकावर आणणे. आम्ही चौघे होतो. मी, सुपर कॉरिडॉरवरच्या एका कंपनीत नोकरी करणारा माझा मित्र, आणि अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या दोन विद्यार्थिनी, ज्यांपैकी एकीच्या घरी हिंदी बोलतात. पाचव्या होत्या वाचनालयाच्या ग्रंथपाल काकू, ज्यांनी कोडची एकही ओळ लिहिली नाही, पण ज्यांच्यावाचून हा प्रकल्प तिसऱ्या आठवड्यातच बंद पडला असता.

अशा कामात गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारे साधन, शिकणे हा सर्वांत अवघड भाग असेल असे सुरुवातीला वाटते. तसे नाही, रोजच्या कामापुरते गिट दोन दुपारींत येते. अवघड असते ते रविवारी सकाळी पोह्यांच्या बशीवर तोंडी ठरलेल्या गोष्टी बुधवारपर्यंत प्रत्येकाला वेगवेगळ्या आठवणे. म्हणून खाली सांगितलेल्या जवळजवळ प्रत्येक पायरीत एकच काम वेगवेगळ्या रूपांत येईल : जे ठरले ते प्रकल्पाच्या आतच, एखाद्या फायलीत किंवा सेटिंगमध्ये, अशा रीतीने लिहून ठेवणे की पुढे कोणाच्या स्मरणशक्तीवर अवलंबून राहावे लागू नये.

एक सूचना आधीच देतो. आज्ञा आणि फायलींची नावे मी येथे देवनागरीत लिहिली आहेत. संगणकावर ती अर्थातच रोमन लिपीत टंकावी लागतील.

कोड लिहिण्याआधी

पहिल्या बैठकीत संगणक उघडू नका. एका कागदावर तीन गोष्टी लिहा : हे सॉफ्टवेअर कोण वापरणार, पहिल्या आवृत्तीत त्याने नेमके काय करायचे, आणि काय करायचे नाही. आमच्या कागदावर तिसरी यादी सर्वांत लांब झाली, आणि तिचाच सर्वांत जास्त उपयोग झाला. पहिल्या आवृत्तीत सभासद नोंदणी, पुस्तक देणे, परत घेणे आणि विलंब शुल्क एवढेच असेल. मोबाइल ॲप, ऑनलाइन वर्गणी आणि मुखपृष्ठांची चित्रे नसतील. पुढे कोणी उत्साहाने मुखपृष्ठांचा विषय काढला की वाद न घालता त्या यादीकडे बोट दाखवता येत असे.

त्यानंतर शब्द ठरवावेत. नवख्या संघाला हे क्षुल्लक वाटते, आणि आम्हीही ते सोडून दिले होते. कोडमधली नावे इंग्रजीत ठेवायची की मराठी शब्द रोमन लिपीत लिहायचे याचा निर्णय झालाच नव्हता, त्यामुळे ज्याला जसे सुचले तसे त्याने लिहिले. एका विद्यार्थिनीने ‘वर्गणी’ हा शब्द ‘व्ही’ने सुरू केला आणि दुसरीने ‘डब्ल्यू’ने. दोन्ही बरोबरच. पण एकीचा भाग माहिती साठवत होता आणि दुसरीचा तीच माहिती वाचत होता. वाचणाऱ्या भागाला ‘डब्ल्यू’ची नोंद कोठेच सापडेना, आणि न सापडल्यास शून्य धरावे असे आम्हीच लिहून ठेवले असल्यामुळे प्रोग्रॅमने तक्रारही केली नाही. थकबाकीच्या यादीत वाचनालयाचे झाडून सगळे सभासद आले, त्यांत ज्यांनी आदल्याच दिवशी वर्षभराचे पैसे भरले होते तेही होते.

त्या दिवसापासून नियम असा झाला की कोडमधली सर्व नावे सरळ इंग्रजीत असतील, पडद्यावर दिसणारा मजकूर मराठीत असेल, आणि प्रकल्पात एक शब्दसूचीची फाइल असेल, जिच्यात सभासद, दाखल क्रमांक, देवघेव, अनामत, वर्गणी अशा प्रत्येक शब्दासमोर कोडमध्ये वापरायचे एकच नाव आणि त्याचा एका ओळीत अर्थ असेल. मराठीचा अभिमान असलेल्या वाचकांना इंग्रजी नावे कदाचित खटकतील. पण अर्धे मराठी, अर्धे इंग्रजी आणि तेही प्रत्येकाच्या वेगळ्या स्पेलिंगने, यापेक्षा ते पुष्कळ बरे. शिवाय आमच्या हिंदीभाषक मैत्रिणीला ‘अनामत’ आणि ‘वर्गणी’ यांतला फरक त्या सूचीतूनच समजला. अनामत परत मिळते, वर्गणी मिळत नाही; हा फरक कोडमध्येही उतरावा लागतो.

सामायिक जागा

आता सर्वांचे कोड जेथे एकत्र राहील ती जागा तयार करावी. गिट हे साधन लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या विकासासाठी तयार केले, आणि त्याचे वैशिष्ट्य असे की प्रत्येकाच्या संगणकावर प्रकल्पाचा संपूर्ण इतिहास असतो. इंटरनेट नसले तरी काम अडत नाही. तरीही सर्वांनी जुळवून घेण्यासाठी एक समाईक ठिकाण लागते. गिटहब आणि गिटलॅब ही त्यांतली दोन प्रचलित ठिकाणे आहेत, दोन्हींची मोफत योजना छोट्या संघाला पुरते, आणि कोणते घ्यावे यावर फार वेळ घालवू नये. आम्ही गिटहब घेतले, कारण दोन्ही विद्यार्थिनींची तेथे आधीपासून खाती होती.

कोणा एकाच्या वैयक्तिक खात्यात रिपॉझिटरी, म्हणजे प्रकल्पाच्या फायली आणि त्यांचा इतिहास ठेवण्याची जागा, काढण्यापेक्षा संघाच्या नावाने एक ऑर्गनायझेशन काढावे आणि त्याचे मालक म्हणून दोघांना नेमावे. मालक एकच असला आणि त्याला परीक्षा आली, बदली झाली किंवा त्याचा फोन हरवला, तर बाकीचे आपल्याच घराच्या दारात उभे राहतात. दोनांपेक्षा जास्त मालकही नकोत. उरलेल्यांना लिहिण्याचा अधिकार द्यावा, आणि ज्यांना केवळ अडचणी नोंदवायच्या आहेत त्यांना वाचण्याचा. प्रत्येकाने आपल्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावून घ्यावी आणि तेव्हा मिळणारे पुनर्प्राप्तीचे संकेतांक कागदावर उतरवून ठेवावेत.

रिपॉझिटरी खाजगी ठेवावी की सार्वजनिक, हा प्रश्न येथेच येतो. बहुतेक जण लाजेपोटी खाजगी निवडतात. गिटहबच्या मोफत योजनेत खाजगी रिपॉझिटरीला मुख्य शाखेचे संरक्षण मिळत नाही, सार्वजनिक रिपॉझिटरीला मिळते. शाखा म्हणजे त्याच कोडवर समांतर चालणारी कामाची एक वाट; तिचे संरक्षण काय असते ते पुढे येईलच. कोडमध्ये लपवण्यासारखे काही नसेल, आणि नसलेच पाहिजे, तर सार्वजनिक ठेवण्यात तोटा नाही. खाजगीच ठेवायचे असेल तर गिटलॅबच्या मोफत योजनेत खाजगी प्रकल्पालाही मुख्य शाखेचे संरक्षण लावता येते.

प्रत्येकाचा संगणक

हे काम एका बैठकीत, सर्वांनी शेजारी बसून करावे. गिट स्थापित झाल्यावर ‘गिट कॉन्फिग’ या आज्ञेने आपले नाव आणि ईमेल लिहावे लागते. हे दोन्ही तुमच्या प्रत्येक कमिटमध्ये, म्हणजे बदलांच्या प्रत्येक नोंदीत, कायमचे उमटतात, म्हणून सार्वजनिक प्रकल्पात आपला खरा ईमेल द्यायचा नसेल तर गिटहब प्रत्येक खात्याला जो निनावी ईमेल देते तो वापरावा. हे कमिट झाल्यावर नव्हे, आधी करावे.

कोड वर पाठवताना खात्याचा पासवर्ड चालत नाही. गिटहबने ही सोय १३ ऑगस्ट २०२१ रोजी बंद केली. जुन्या चित्रफिती पाहून शिकणारे नवखे येथेच तासभर अडकतात. ‘एसएसएच-कीजेन’ या आज्ञेने किल्ल्यांची जोडी तयार करावी. जिच्या नावाच्या शेवटी ‘पब’ असते ती सार्वजनिक किल्ली खात्याच्या सेटिंगमध्ये चिकटवावी. दुसरी, खाजगी किल्ली, कोणालाही पाठवू नये, ‘जरा बघ ना कुठे चुकतंय’ असे म्हणणाऱ्या मित्रालासुद्धा नाही.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक विशेष सेटिंग आहे, ज्याचा उल्लेख सामान्य धड्यांत क्वचितच सापडतो. फाइलचे नाव देवनागरीत असेल तर ‘गिट स्टेटस’ विचारल्यावर नावाच्या जागी तिरप्या रेघा आणि आकडे यांची लांबलचक माळ दिसते. फाइल बिघडलेली नसते. इंग्रजीबाहेरची अक्षरे अंकांच्या रूपात दाखवणे हे गिटचे मुळातले वर्तन आहे. ‘कोअर क्वोटपाथ’ ही सेटिंग ‘फॉल्स’ केली की नावे सरळ वाचता येतात. तरीही कोडच्या फायलींना रोमन नावे द्यावीत आणि देवनागरी नावे केवळ दस्तऐवजांपुरती ठेवावीत, असे माझे मत आहे.

ओळीच्या शेवटाचा घोळ मात्र सर्वांना भोवतो. विंडोज ओळीचा शेवट दोन अदृश्य चिन्हांनी करते, लिनक्स आणि मॅक एका चिन्हाने. संघात दोन्ही प्रकारचे संगणक असले आणि कोणी काही ठरवले नाही, तर एखाद्याने एक शब्द बदलला तरी गिटला अख्खी फाइल बदललेली दिसते. प्रकल्पाच्या मुळाशी ‘गिटॲट्रिब्यूट्स’ नावाची, आरंभी टिंब असलेली फाइल ठेवून तिच्यात सर्व मजकूर फायलींसाठी ‘* टेक्स्ट=ऑटो’ ही एक ओळ लिहिली की प्रश्न मिटतो. ही सेटिंग प्रत्येकाच्या संगणकावर वेगवेगळी करण्यापेक्षा फायलीत ठेवावी, म्हणजे उद्या येणाऱ्या पाचव्यालाही ती आपोआप लागू होईल.

पहिली कमिट

पहिल्या कमिटमध्ये कोड नसला तरी चालेल, पण चार फायली असाव्यात. ‘रीडमी’मध्ये प्रकल्प काय आहे आणि आपल्या संगणकावर तो कसा चालू करायचा हे क्रमाने असावे. ‘कॉन्ट्रिब्युटिंग’मध्ये संघाचे नियम, म्हणजे शाखांची नावे कशी द्यायची, तपासणी कोणी करायची, कमिटचा संदेश कोणत्या भाषेत लिहायचा, हे असावे. संदेशांसाठी आम्ही इंग्रजी आणि मराठी दोन्हींची मुभा ठेवली; अट एवढीच होती की पहिली ओळ साधारण ५० अक्षरांत संपावी आणि तिच्यात ‘काय बदलले’ हे असावे, ‘थोडे बदल’ असे नसावे.

तिसरी फाइल परवान्याची. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅमची गणना साहित्यकृतीत होते, आणि परवाना लिहिलेला नसेल तर कोड सार्वजनिक असूनही तो वापरण्याचा हक्क इतरांना मिळत नाही. दुसऱ्या एखाद्या वाचनालयाने हे सॉफ्टवेअर वापरावे असे वाटत असेल तर सुरुवातीलाच परवाना निवडावा, कारण पुढे दहा जणांचे कोड मिसळल्यावर प्रत्येकाची संमती घेत हिंडावे लागते. एमआयटी परवाना छोटा आणि मोकळा आहे. बदल करून पुढे वाटणाऱ्यानेही आपला कोड खुला ठेवावा असे वाटत असेल तर जीपीएल घ्यावा.

चौथी फाइल ‘गिटइग्नोर’. हिच्यात ज्या गोष्टी रिपॉझिटरीत जाऊ नयेत त्यांची यादी असते : पासवर्ड ठेवलेली फाइल, प्रोग्रॅमने स्वतः तयार केलेल्या फायली, डाउनलोड केलेली पॅकेजे, आणि खरी माहिती. या शेवटच्या दोन शब्दांपाशी माझी चूक सांगितलीच पाहिजे. चाचणीसाठी हाताशी माहिती हवी म्हणून मी काकूंकडून सभासदांची यादी घेतली, नावे, पत्ते आणि फोन क्रमांकांसकट, आणि पहिल्याच संध्याकाळी ‘सर्व फायली जोडा’ ही आज्ञा देऊन ती कोडबरोबर वर पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी लक्षात आल्यावर फाइल पुसली, ती पुसल्याची कमिट केली, आणि सुटलो असे मानले. मित्राने शांतपणे आदल्या दिवशीची कमिट उघडून मला यादी दाखवली. सगळे क्रमांक जागच्या जागी होते.

याचे कारण समजून घ्यावे. कमिट म्हणजे त्या क्षणी प्रकल्पातल्या सर्व फायली कशा होत्या याची नोंद. तीत कोणी केली, केव्हा केली, आधीची नोंद कोणती, हेही असते, आणि या सगळ्यावरून काढलेला ४० अक्षरांचा एक ओळखक्रमांक तिला मिळतो. पुढची कमिट मागची पुसत नाही. ग्रंथपालांची दाखलनोंदवही जशी असते तसेच हे आहे : चुकलेली नोंद फाडून टाकायची नसते, तिच्यापुढे लाल शाईने दुरुस्ती करायची असते. वहीत जो गुण, तोच येथे माझ्या अंगाशी आला. तसेच, जी फाइल एकदा कमिट झाली तिचे नाव नंतर ‘गिटइग्नोर’मध्ये घातले तरी गिट तिच्यावर लक्ष ठेवणे सोडत नाही.

उपाय दोन. पासवर्ड किंवा किल्ली वर गेली असेल तर ती फुटलीच असे समजून तत्काळ बदलावी. इतिहासातून पुसत बसणे हे त्यानंतरचे काम. फोन क्रमांक बदलता येत नाहीत, म्हणून आम्ही ‘फिल्टर-रिपो’ या साधनाने इतिहास नव्याने लिहिला, वरची रिपॉझिटरी काढून टाकून नवी केली, आणि प्रत्येकाला जुनी प्रत मोडून नवी घ्यायला सांगितले. आमची रिपॉझिटरी तोवर खाजगी होती, एवढेच नशीब. काकूंना मात्र सांगावे लागले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “बरं झालं लवकर कळलं. आता मीच तुम्हाला खोटे सभासद लिहून देते.” दुसऱ्या दिवशी ४० काल्पनिक सभासद आले, आणि ते आमच्या कोणाच्याही कल्पनेपेक्षा अधिक खरे होते : दोन एकाच नावाचे बापलेक, लग्नानंतर आडनाव बदललेली एक बाई, अनामत न भरलेला एक कार्यकर्ता.

मोठ्या फायलीही आत घालू नयेत. १०० एमबीहून मोठी फाइल गिटहब स्वीकारतच नाही, आणि तिच्याहून लहान असली तरी स्कॅन केलेली जुनी पुस्तकयादी प्रत्येकाच्या संगणकावर इतिहासासकट उतरत राहते.

रोजचे काम

मुख्य शाखा, जिला आता ‘मेन’ म्हणतात, तिच्यात कोणीही थेट लिहायचे नाही. रिपॉझिटरीच्या सेटिंगमध्ये मेनला संरक्षण लावावे, म्हणजे पुल रिक्वेस्टखेरीज (आपली शाखा मेनमध्ये घ्यावी अशी संघाला केलेली विनंती) आणि दुसऱ्या एकाच्या संमतीखेरीज तिच्यात काही जाणार नाही, आणि या नियमातून मालकांनाही सूट देऊ नये. नवख्यांवर अविश्वास म्हणून हे करायचे नसते; रात्री एक वाजता घाईत मेन मोडणारा माणूस बहुधा संघातला सर्वांत अनुभवी असतो.

रोजचा क्रम असा. सकाळी ‘गिट पुल’ने ताजी मेन घ्यावी, ‘गिट स्विच’ने कामाच्या नावाची नवी शाखा काढावी, काम करावे, छोट्या कमिट कराव्यात, शाखा वर पाठवावी आणि पुल रिक्वेस्ट उघडावी. शाखा दोन-तीन दिवसांहून जास्त जगू देऊ नये. पंधरा दिवस वेगळी राहिलेली शाखा मेनमध्ये परत आणणे हे स्वतंत्र काम होऊन बसते, आणि ज्याला दीड हजार ओळींचा बदल तपासायला दिला तो वरवर पाहून ‘छान’ लिहितो. दोनशे ओळींच्या बदलात तोच माणूस चार चुका काढतो.

तपासणाऱ्याने प्रथम बदल आपल्या संगणकावर चालवून पाहावा आणि मग वाचावा. टिप्पणी कोडविषयी असावी, लिहिणाऱ्याविषयी नव्हे. आमच्याकडे विद्यार्थिनी माझ्या कोडवर काही लिहायला बिचकत. वयाने मोठ्या माणसाची चूक लिखित स्वरूपात दाखवायची म्हणजे त्यांना अवघड वाटे. त्यावर उपाय म्हणून माझ्या प्रत्येक पुल रिक्वेस्टवर किमान एक प्रश्न विचारलाच पाहिजे, असा नियम आम्ही ‘कॉन्ट्रिब्युटिंग’मध्ये घातला. पहिले आठ दिवस प्रश्न उगाचच होते. नंतर ते माझी झोप उडवू लागले.

कॉन्फ्लिक्टला, म्हणजे एकाच ओळीत दोघांनी केलेल्या वेगवेगळ्या बदलांच्या टकरीला, नवखे सर्वांत जास्त घाबरतात, म्हणून एक जवळून पाहू. वाचनालयाच्या समितीने विलंब शुल्क रोज १ रुपयाचे २ रुपये केले. एका विद्यार्थिनीने आपल्या शाखेत तो आकडा बदलला. त्याच वेळी माझ्या मित्राने त्याच ओळीत रविवारची सुट्टी वगळण्याची सोय केली, आणि त्याची शाखा आधी मेनमध्ये गेली. तिने ताजी मेन आपल्या शाखेत घेतली तेव्हा गिट थांबले आणि फायलीत असे दिसले :

<<<<<<< हेड
दंड = २ × दिवस
=======
दंड = १ × रविवार वगळून दिवस
>>>>>>> मेन

वरचा भाग आपल्या शाखेतला, खालचा येणाऱ्या शाखेतला, मध्ये बरोबरच्या सात चिन्हांची सीमा. काय ठेवायचे हे गिटला ठरवता येत नाही एवढेच यातून कळते; काही मोडलेले नसते, आणि गोंधळ वाटल्यास ‘गिट मर्ज’ला ‘ॲबॉर्ट’ हा पर्याय देऊन पूर्वस्थितीला येता येते. घाईत असलेला माणूस एक बाजू ठेवतो आणि दुसरी पुसतो. येथे दोन्ही चूक ठरल्या असत्या : वरची ठेवली तर रविवारचे पैसे लागतात, खालची ठेवली तर जुना दर राहतो. योग्य ओळ ‘२ × रविवार वगळून दिवस’ ही होती, आणि ती कोणाच्याच शाखेत नव्हती. म्हणून कॉन्फ्लिक्ट सोडवण्याआधी दुसऱ्या बाजूच्या माणसाला फोन करावा. खुणांच्या तिन्ही ओळी पुसाव्यात, प्रोग्रॅम चालवून पाहावा, मगच कमिट करावी.

मेनमध्ये गेलेला बदल चुकीचा निघाला तर ‘गिट रिव्हर्ट’ वापरावे. ते उलटा बदल करणारी नवी कमिट जोडते, लाल शाईसारखी. सामायिक शाखेचा इतिहास जबरदस्तीने बदलणारा ‘फोर्स पुश’ मेनवर कधीही करू नये, कारण त्याने इतरांच्या प्रतींचा पायाच हलतो.

एक ऱ, तीन रूपे

स्वयंचलित चाचण्या प्रत्येक पुल रिक्वेस्टवर आपोआप चालल्या पाहिजेत. गिटहबवर त्यासाठी ॲक्शन्स आहे, गिटलॅबमध्येही तशी सोय अंगभूत आहे. कोणत्या चाचण्या लिहाव्यात हे मात्र साधन सांगत नाही. आम्हाला ते काकूंनी सांगितले, तेही नकळत. “अहो, कऱ्हाडे शोधले तर एकच सापडतात. तिघे आहेत की!”

तिघेही पडद्यावर अगदी सारखे दिसत होते. पण मराठीतला हा अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, तीन रीतींनी लिहिला जातो. ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त लावून, किंवा साध्या ‘र’ला खाली नुक्ता (टिंब) आणि मग हलन्त लावून, किंवा ‘र’ला हलन्त आणि त्यानंतर जोडणारे एक अदृश्य चिन्ह लावून. कोणता कीबोर्ड वापरला त्यावर हे ठरते, आणि टंकणाऱ्याला त्याची गंधवार्ताही नसते. पहिल्या दोन रूपांना युनिकोडच्या प्रमाणीकरणाने एक करता येते. एनएफसी ही त्यातली रूढ पद्धत. तिसरे रूप प्रमाणीकरणात तसेच राहते, त्यासाठी आपणच बदलाचा नियम लिहावा लागतो. आम्ही तो नियम माहिती आत येतानाच्या एकाच ठिकाणी लावला, तीन कऱ्हाड्यांची एक चाचणी लिहिली, आणि ती मोडली तर पुल रिक्वेस्ट मेनमध्ये जाऊ नये अशी अट घातली. पुढे दोनदा, नोंदणीचा अर्ज नव्याने लिहिताना, त्याच चाचणीने आम्हाला अडवले.

कामाच्या नोंदी

प्रत्येक काम आणि प्रत्येक चूक इश्यू म्हणून, म्हणजे रिपॉझिटरीतली क्रमांक असलेली नोंद म्हणून, नोंदवावी आणि शाखेच्या नावात त्या इश्यूचा क्रमांक घालावा. व्हॉट्सॲपच्या गटात सांगितलेली चूक संध्याकाळपर्यंत शुभेच्छांच्या चित्रांखाली गाडली जाते. चांगल्या इश्यूत तीन गोष्टी येतात : मी काय केले, काय व्हायला हवे होते, आणि काय झाले. ‘शोध चालत नाही’ या इश्यूवर आमचे दोन दिवस गेले. काकूंनी लिहिलेल्या ‘दाखल क्रमांक ११२० परत घेतला, पुस्तक कपाटात दिसायला हवे, अजून सभासदाच्या नावावर दिसते’ या इश्यूवर वीस मिनिटे. काकूंना खाते काढून दिले तेव्हा त्या कोडच्या खिडक्या पाहून हबकल्या होत्या, म्हणून इश्यूचा एक मराठी नमुना आम्ही रिपॉझिटरीत ठेवला. नवा इश्यू उघडला की ते तीन प्रश्न आपोआप समोर येतात.

नवा माणूस

घडी नीट बसली आहे की नाही हे पाहण्याची एकच खात्रीची रीत मला माहीत आहे. ज्याने प्रकल्प कधी पाहिला नाही अशा कोणाला तरी त्याच्या लॅपटॉपसह बोलवावे, ‘रीडमी’चा पत्ता द्यावा, शेजारी बसावे आणि तोंड बंद ठेवावे. तो जेथे अडतो तेथे त्याला सांगू नये. वहीत लिहून घ्यावे. अर्ध्या तासात प्रोग्रॅम त्याच्या पडद्यावर चालू झाला तर ठीक. आमच्याकडे एका विद्यार्थिनीच्या धाकट्या बहिणीला बोलावले. पासवर्डची फाइल नमुन्यावरून स्वतः तयार करावी असे ‘रीडमी’त लिहिले होते, पण ती कोणत्या फोल्डरमध्ये ठेवायची ते आम्ही चौघांपैकी कोणीच लिहिले नव्हते, कारण आम्हा चौघांना ते पाठ होते. ती पंचवीस मिनिटे त्या एका ओळीपाशी बसून राहिली आणि मी जीभ चावत शेजारी. शेवटी तिने प्रोग्रॅमने दिलेली चूक वाचून जागा स्वतःच शोधली, मग न विचारता शाखा काढली, ‘रीडमी’त फोल्डरचे नाव जोडले आणि पुल रिक्वेस्ट उघडली. तपासणाऱ्याच्या जागी तिने माझे नाव घातले होते.